विस्तव विझवलेलं गाव

खामगाव

वऱ्हाडात जाऊन आलो म्हटलं की आमच्या रत्नागिरीकडची माणसं दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होतं आणि भात मिळाला का. ऊन भरपूर होतं. भात दोनदा मिळाला, तोही पाहुण्याचा मान म्हणून ताटाच्या कडेला मूठभर वाढलेला. त्यापुढचं मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगायला बसलो तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा शिकलेला माणूस असून असं काय बोलतो. म्हणून लिहून ठेवतो.

त्या वेळी मी उत्तरेतल्या एका डोंगरावरच्या सरकारी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. गुरांना फाशी नावाचा रोग होतो, त्यावर आम्ही नवी लस तयार करत होतो. हाच रोग माणसाला झाला की त्याला काळपुळी म्हणतात. त्याच्या जंतूंचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. गवत सुकलं, जनावर मुळापर्यंत चरायला लागलं की ते मातीबरोबर पोटात जातं. असे जंतू दुबळे करून, त्यांचंच बी ग्लिसरिनमध्ये घालून आम्ही लस केली होती. आमच्या गोठ्यातल्या गुरांना ती मानवली होती. पण गोठ्यात पेंड खाऊन उभं असलेलं जनावर वेगळं आणि वैशाखात वावरात पळणारं वेगळं. बुलढाणा जिल्ह्यात रोग उठल्याची तार आली, तेव्हा साहेबांनी लसीची पेटी माझ्या हाती दिली. सोबत घोड्याच्या रक्तातून काढलेल्या रक्तद्रवाच्या दोन बाटल्याही दिल्या. त्या गुरांसाठी नव्हत्या. आम्हालाच काळपुळी झाली तर टोचून घ्यायला होत्या.

जलंबला गाडी बदलून खामगावला उतरलो. कापसाचा हंगाम सरत आला होता, तरी तारांवर, बाभळींवर, दुकानांच्या पाट्यांवर कापसाचे पुंजके लोंबत होते. स्टेशनावर मला घ्यायला रहमतखाँ आले होते. गुरांचे डॉक्टर, पन्नाशीकडे झुकलेले, अंगानं भरलेले, हातात भली मोठी छत्री. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "हेच का ते औषध?"

"हो."

"पाहू," ते म्हणाले. "फाशी म्हंजे साहेब, सकाळी बैल नांगराले जुंपावा, अन् दुपारी उभ्या उभ्या पडावा. पाय बी झाडत नाही. मी पस्तीस गावं फिरतो, अजून कोणतं बी औषध पोचाच्या आंधी ढोर मेलेलंच असते."

अमडापूर

दुसऱ्या दिवशी मोटारलॉरीनं अमडापूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. ज्वारी, मिरची, बांगड्या, दोरखंड, सगळं मांडलेलं होतं, पण गुरांच्या बाजाराची जागा मोकळी होती. नुसत्या खुंट्यांच्या रांगा. माणसं त्या रांगांना वळसा घालून जात होती, जणू तिथे काही बांधलेलं आहे.

आम्हाला जायचं होतं ते गाव अमडापूर आणि जानेफळ यांच्या मध्ये, रस्त्यापासून आत आहे. त्याचं नाव लिहीत नाही, गावानंच तशी विनंती केली आहे. दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, ठरवताना कुणी तयार होईना. शेवटी एक जण शिवेपर्यंत सोडायला कबूल झाला. गावाची शीव दिसली मात्र, त्यानं बैल थांबवले.

"याच्या फुडं माही जोडी त्या मातीत नाही घालत," तो म्हणाला आणि आम्ही पेट्या उतरवून घेण्याआधीच गाडी वळवायला लागला.

उरलेली वाट आम्ही पायी निघालो. वाटेत धुऱ्याला, शेताच्या बांधाला, एक बैल पडलेला होता. मरून दिवस उलटला असावा, तरी त्याचे पाय ताठरले नव्हते. रहमतखाँनी काठीनं एक पाय उचलला, तर तो झोपलेल्या जनावराच्या पायासारखा लवला. नाकातून काळं रक्त आलं होतं आणि ते गोठलेलं नव्हतं. एवढ्या उन्हात ते धुळीवर डांबरासारखं चकाकत पसरलं होतं. पलीकडच्या बाभळीवर गिधाडं बसली होती. आम्ही अगदी खाली गेलो तरी एकही उडालं नाही. माना आत घेऊन ती आमच्याकडे पाहत राहिली.

मी पेटी उघडून बैलाच्या कानातून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला. तेवढ्यात वावटळ आली आणि उघड्या पेटीत, सुयांवर, पिचकारीवर सगळीकडे तिथली माती बसली. ती माती काय चीज आहे हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. रहमतखाँनी छत्री आडवी धरली.

गाव

गावाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा दोर बांधला होता आणि त्याला कडुलिंबाचे डहाळे लटकत होते. दोराच्या आत एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. ते जानराव पाटील. ते इतक्या हळू बोलले की मला दोराला चिकटून उभं राहावं लागलं.

"आज गाव बंद हाय. कोणी यायचं नाही, जायचं नाही."

रहमतखाँनी आम्ही कोण, कशाला आलो ते सांगितलं. पाटलांनी विचार केला. मग म्हणाले, "डागदर, तुमाले मी वळखतो. आत या. पण विस्तव आणायचा नाही. काडीपेटी, विडी, काय असन ते इथंच ठेवा. अन् मोठ्यानं बोलायचं नाही."

रहमतखाँनी विड्यांचं बंडल आणि काडेपेटी काढून दिली. मीही खिशातली काडेपेटी दिली. औषधांच्या पेटीत स्पिरिटचा दिवा होता आणि त्याच्याबरोबर दुसरी काडेपेटी होती. तिच्याबद्दल मी बोललो नाही. तेव्हा मनात काही ठरवलेलं नव्हतं.

काय चाललं होतं ते चालता चालता पाटलांनी कुजबुजून सांगितलं. गुरांवर असा रोग आला की गावातला एकूण एक विस्तव विझवायचा. चूल, दिवा, देवापुढचं निरांजनसुद्धा. मग मारुतीपुढे लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव काढायचा, त्याच्या धुरातून सगळी गुरं न्यायची आणि त्याच विस्तवानं पुन्हा चुली पेटवायच्या. तोवर कुणी बोलायचं नाही. आमच्या कोकणात संकट आलं की देवाला गाऱ्हाणं घालतात ते साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं. इथे सगळं गाव देवळासमोर बसलं होतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. गुरांची तोंडं दोरीनं बांधली होती. त्यांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये कापूस कोंबला होता. एखादं जनावर मान हलवी, घंटा हले, आणि आवाज येत नसे. भर दुपारी डोळ्यांसमोर शंभरेक घंटा नि:शब्द हलत होत्या.

आवाज होता तो एकच. बोरीच्या आडव्या लाकडात उभं लाकूड बसवलं होतं, त्याला दोर गुंडाळून दोन माणसं ताक घुसळावं तशी आळीपाळीनं ओढत होती. घर्र, घर्र. दिवस उगवल्यापासून माणसं बदलत ते चाललं होतं. लाकूड खडखडीत वाळलेलं, ऊन असं की दगड पोळत होते, आणि तरी ठिणगी पडत नव्हती.

"का पडत नाही?" मी विचारलं.

"कोणाच्या तरी घरात जुना विस्तव राह्यला असन," पाटील म्हणाले. "मंग नवा येत नाही."

गिरजाबाई

आमची उतरण्याची सोय गावाच्या कडेच्या पहिल्या घरात केली होती. गिरजाबाई नावाच्या माळणीचं घर. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू, मागे ओढ्याकाठी भाजीचा मळा. धुऱ्यावर पडलेला बैल तिचाच होता. सासू देवळाकडे गेली होती. गिरजाबाईनं गोठ्यात घोंगडी टाकली, पाणी दिलं, कालची ज्वारीची भाकर आणि ठेचा आणून ठेवला. तिनं डाव्या हातानं वाढलं. आमच्याकडे काय, तिकडे काय, पाहुण्याला डाव्या हातानं कुणी वाढत नाही. रहमतखाँ तिच्याकडे बघत राहिले.

"बाई, उजवा हात दाखव."

तिनं पदर घट्ट धरला. "काही नाही जी झालं."

"बैलाचं नाक पुसलं व्हतं का तू?"

ती खाली बसली आणि तिनं पदर बाजूला केला. मनगटाच्या वर रुपयाएवढा डाग होता, मधे कोळशासारखा काळा, खोलगट. भोवती पाणी धरलेल्या फोडांचं कडं. कोपरापर्यंत हात सुजून चकाकत होता.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखत नाही ना. म्हून कोणाले सांगतलं नाही." ती त्या डागाकडे दुसऱ्याच कुणाचा हात असावा तशी पाहत होती. "बोटानं दाबलं तरी समजत नाही. जसं काही हात माहा नाहीच."

काळपुळी दुखत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर ती बाई स्वत:चं बोट त्या काळ्या डागावर टेकवून शांतपणे बसलेली पाहिली तेव्हा वाटलं, दुखलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. दोन बाटल्या होत्या. सूज बघता तिला दोन्ही लागणार होत्या, एक आज, एक उद्या.

"अन् आपल्याले काही झालं तं?" रहमतखाँनी विचारलं.

"तार करून दुसऱ्या मागवू."

"त्या येईस्तोर?"

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "द्या तिले," ते म्हणाले. "पण सुई?"

तीच अडचण होती. पिचकारीवर त्या धुऱ्याची माती बसली होती. स्पिरिटनं पुसून ते बी मरत नाही. चांगली वीस-पंचवीस मिनिटं उकळायला हवी होती. नव्या विस्तवाची वाट पाहावी तर तो कधी येणार, येणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. तिला ताप चढलेला डोळ्यांत दिसत होता. मी पेटीतून दिवा काढला. गिरजाबाईनं तो पाहिला आणि ती उभी राहिली.

रहमतखाँ म्हणाले, "बाई, तू सांगशीन तं पेटवू. नाही म्हणशीन तं नाही."

ती दाराकडे बघत राहिली. बाहेर घर्र, घर्र चालूच होतं. मग तिनं स्वत:च दाराला गोणपाट लावलं.

निळी ज्योत दिसते न दिसते एवढीच होती. मी छोट्या भांड्यात पाणी घेऊन पिचकारी आणि सुया टाकल्या. पाणी तापायला लागलं तसा बाहेरचा आवाज थांबला. मग पावलं ऐकू आली, पुष्कळ, अनवाणी, धुळीतून हळूहळू येणारी. ती एका घरापाशी थांबत, मग पुढच्या. घरोघर विस्तव शोधत होते.

पावलं आमच्या दाराशी थांबली. गोणपाट थोडं बाजूला झालं आणि जानराव पाटलांचा चेहरा आत आला. मी दिवा पाठीआड करून बसलो होतो. भांड्यातलं पाणी खदखदत होतं. ते साऱ्या गावाला ऐकू जातंय असं मला वाटत होतं. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, मग गिरजाबाईच्या उघड्या हाताकडे. त्यांची नजर तिथे बराच वेळ राहिली. मग गोणपाट पुन्हा पडलं. बाहेर त्यांनी इतरांना काय खूण केली ते दिसलं नाही. पावलं पुढच्या घराकडे गेली.

घड्याळ समोर धरून मी वेळ मोजत होतो. आवाज पुन्हा सुरू होत नव्हता. आम्ही रक्तद्रव टोचला, तिनं हूं केलं नाही, आणि मी फुंकर मारून दिवा विझवला. थोड्या वेळानं घर्र, घर्र पुन्हा सुरू झालं. रहमतखाँ हात पुसत होते, तेवढ्यात तो आवाज थांबला आणि एकदम घंटा वाजायला लागल्या. सगळ्या गावाच्या घंटा, एकाच वेळी. कापूस काढला होता. नवा विस्तव आला होता.

गिरजाबाईनं रडायला सुरुवात केली. मी प्रयोगशाळेतला माणूस, पण त्या क्षणी हातातला विझलेला दिवा मला खाली ठेवता येईना.

कडुलिंबाचा धूर गल्लीभर पसरला, त्यातून गुरं ठसकत, डोळे मोठे करून निघाली. पाटील आमच्याकडे आले. "आता तुमचं औषध काढा. आंधी माही जोडी." नव्या विस्तवावर आमच्या सुया उकळायला त्यांनी घरचं पातेलं दिलं.

पाच दिवस

आम्ही तिथेच राहिलो. बहुतेकांनी गुरं टोचून घेतली, काहींनी नाही. गिरजाबाईची एक दुभती बकरी होती, सासू तिच्याच दुधावर होती. बकरीलाही टोचा म्हणून गिरजाबाई मागे लागली. रहमतखाँ का-कू करत होते. बकऱ्यांवर ही लस आम्ही फारशी अजमावली नव्हती. मी म्हणालो, अर्धी देऊ. आणि दिली.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या मानेवर टोचलेल्या जागी सूज आली, ताप आला. पाटलांच्या जोडीतला एक बैल कडब्याला तोंड लावेना. लोक दिवसभर येऊन गोठ्यासमोर उभे राहत आणि काही न बोलता जात. तिसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली. ज्यांनी टोचून घेतलं नव्हतं त्यांच्यापैकी एकाची गाय त्याच दुपारी चरता चरता पडली. दुसरी बाटली दिल्यावर गिरजाबाईचा ताप गेला, सूज मनगटाकडे सरकली. काळा डाग तसाच राहिला, वाळत चाललेला.

चौथ्या दिवशी मळ्याच्या बांधावर पाटील माझ्याजवळ येऊन बसले. मी बोलून टाकलं. "पाटील, त्या दिवशी मी तुमच्याशी लबाडी केली."

"मले माहीत हाय. सिपिरटाचा वास येत व्हता."

"मग तुम्ही लोकांना का सांगितलं नाही?"

"तिचा हात पाह्यला म्या." ते ओढ्याकडे बघत बोलत होते. "जाऊन पोट्ट्याईले म्हणलं, लाकूड थंडं होऊ द्या, दम खा. तुमचं होईस्तोर दोर धरूच देल्ला नाही."

"पण आम्ही यायच्या आधी? सकाळपासून ठिणगी का पडत नव्हती?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मले नाही समजलं," ते म्हणाले. "घरं तं म्याच पाह्यली व्हती. सगळी थंडी व्हती."

पाचव्या दिवशी सकाळी गिरजाबाईची बकरी गोठ्यात मेलेली सापडली. पाय ताठरले नव्हते. गिरजाबाईनं फक्त एवढंच विचारलं, "हे रोगानं का तुमच्या सुईनं?"

मला खरोखर माहीत नव्हतं. बकरीच्या कानातलं रक्त काचेवर आणि, जंतू जिवंत नेता यावेत म्हणून, रेशमी दोऱ्यावर घेतलं, बकरी खोल पुरून वर चुना टाकला आणि आम्ही निघालो. गावाच्या तोंडापर्यंत बरीच माणसं पोचवायला आली. गिरजाबाईच्या घरासमोरून जाताना मात्र ती सगळी माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालली. तेव्हा मी त्यातून काही अर्थ काढला नाही.

डोंगरावर

परत आल्यावर त्या रक्तातले जंतू वाढवून, लसीतले आणि धुऱ्यावरच्या बैलातले शेजारी शेजारी तपासायला दोन महिने गेले. बैलातले जंतू टोचलेले ससे लगेच मेले. बकरीतले जंतू टोचलेले ससे मलूल झाले आणि उठून बसले, आमच्या लसीसारखेच. ते जंतू आमचे होते. गुरांना पेलली ती लस बकरीला पेलली नव्हती.

मी साहेबांना विचारलं, बाईंना कळवू का? ते म्हणाले, "कळवलंच पाहिजे का? पुढच्या वेळी त्या गावात कोण टोचून घेईल?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी आठ दिवस पत्र लिहिलं नाही. मग लिहिलं, पाटलांच्या पत्त्यावर: बकरी रोगानं मेली नाही, आमच्या औषधानं मेली, चूक माझी.

उत्तर दिवाळीनंतर आलं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात.

"पत्र पावलं. गिरजाबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तुम्ही गेल्यापासून गावात बोललं जात होतं की विस्तव काढूनही रोग त्यांच्या घरातच राहिला, म्हणून बकरी मेली. हातावरचा डागही लोकांनी पाहिला होता. त्यांच्या विहिरीवर कुणी जात नव्हतं. मळ्यातली भाजी कुणी घेत नव्हतं. वांगी झाडावर पिवळी पडली. पाटलांनी तुमचं पत्र मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून वाचून घेतलं. त्या दिवशी पाटलांच्या घरून पहिली बाई भाजी घ्यायला गेली, आता बाकीचे जातात. गिरजाबाईंनी दुसरी बकरी आणली आहे. त्यांचा निरोप असा की, चैत्रात याल तेव्हा तिच्यासाठी औषध हलकं करून आणा."